सहा बाटल्या

सायकलच्या शर्यतीत माझं काम जिंकायचं नाही, पाणी आणायचं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लोक पहिला प्रश्न विचारतात, "कितवा नंबर आला?" आणि खरं उत्तर दिलं की त्यांचे चेहरे उतरतात. माझा उतरत नाही. संघात सहाजणी असतात. त्यांतली एक जिंकायला असते आणि बाकीच्या तिला जिंकवायला. कोणी तिच्यापुढे राहून वारा अडवते, कोणी मुद्दाम पुढे पळून इतरांना दमवते. मी घोळक्यातून मागे सरकून आमच्या गाडीपाशी जाते, खिडकीतून बाटल्या घेते, जर्सीच्या पाठीवरच्या खिशांत कोंबते आणि पुढे येऊन वाटते. दिवसातून चार-पाच खेपा होतात. म्हणून संघात मला 'टाकी' म्हणतात; तिथे प्रत्येकीला असं एक टोपणनाव आहे.

सासूबाईंना हे काम पसंत नाही. रोजचा निकाल माझी मुलगी त्यांना फोनवर काढून देते आणि त्या तो खालून वाचतात. "वरून वाचायला घेतलं तर तुझं नाव येईपर्यंत माझे डोळे दुखतात," असं मला तोंडावर सांगतात. माझा नवरा म्हणतो, मनात काही न ठेवणं हा त्यांचा गुण आणि ऐकून घेणं हा माझा. तो स्वतः चाव्या बनवतो आणि आमच्या दोघींच्या मध्ये कधी पडत नाही.

आमचा संघ गादी कारखान्याचा. मालकांना तरुणपणी सायकलचं वेड होतं, पोट सुटल्यावर ते त्यांनी आमच्यावर सोपवलं. जर्सीही गादीच्या कापडासारखीच, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. घोळक्यात आम्हाला 'गाद्या' म्हणतात आणि आमच्यामागे राहिलं की झोप येते असले विनोद करतात. मी कारखान्यात गादीच्या कडा शिवायच्या यंत्रावर असते. सुई बोटाएवढी जाड, आणि कापसाचं पीस दिवसभर नाकातोंडात. पण संघात असल्यामुळे मला दुपारी दोनला सुट्टी मिळते, बाकीच्या बायकांना साडेपाचला. दोन ते साडेपाच मी रस्त्यावर असते. लग्नाला बारा वर्षं झाली, मुलगी नऊची आहे, घर माझ्या जिवावर चालतं आणि मला ते आवडतंही. तरी दिवसातले हे साडेतीन तास तेवढे माझे आहेत. त्यांच्यासाठी मी कोणाशीही भांडेन.

यंदा भांडायची वेळ आली होती, पण भांडायला समोर कोणी नव्हतं. मालकांनी निघताना सगळ्यांसमोर सांगितलं, "या शर्यतीचं पुढच्या वर्षीचं बोलावणं आलं तर संघ राहील. नाही आलं तर सायकली गोदामात आणि तुम्ही साडेपाचपर्यंत यंत्रावर." रागावून नाही म्हणाले. त्यांचंही वय झालंय.

शर्यत पाच दिवसांची. रोज नवा रस्ता आणि पाच दिवसांच्या वेळेची बेरीज. संघाचा नंबर काढताना तिघींच्या वेळा धरतात आणि पहिल्या आठ संघांना पुढच्या वर्षी थेट बोलावतात. शेवटच्या दिवशी संघात तिघीसुद्धा उरल्या नाहीत तर यादीतून त्याचं नावच जातं. आणखी एक काटा असतो. रोज पहिली पोचणाऱ्या बाईनंतर ठरावीक मिनिटांत पोचलं नाही, तर तुम्ही बाद.

दुसऱ्या दिवशी एका वळणावर आमची हसरी पडली आणि तिच्यावर वकीलीण. एकीचं खांद्याचं हाड गेलं, दुसरीचं मनगट. वकीलीण खरोखरची वकील नाही, पण अॅम्ब्युलन्समध्येही ती डॉक्टरांशी वाद घालत होती. चौथ्या दिवशी पावशेर तापानं फणफणली. उरलो तिघी. जिंकायला असलेली चिमणी, वारा अडवणारी मास्तरीण, आणि मी. संघ आठवा होता. नववा होता रंग कारखान्याचा, आमच्याहून दोन मिनिटं मागे, आणि त्यांच्याही तिघीच उरल्या होत्या.

त्यांच्यातली तिसरी म्हणजे एक उंच मुलगी. तिला आम्ही आपसांत शिडी म्हणायचो. तिचंही काम पाणी आणायचं. चार दिवस आम्ही आपापल्या गाड्यांपाशी शेजारी शेजारी बाटल्या घेत होतो. मान हलवण्यापलीकडे बोलणं नव्हतं. दोघींचे हात भरलेले असायचे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही हॉटेलच्या खोलीत होतो. पडद्याच्या दांडीवर तीन जर्सी वाळत होत्या आणि तीन पलंग उगाच मोठे वाटत होते. मास्तरीण कारखान्यात नसते, ती खरंच शाळेत शिकवते. पेपर तपासायचा गठ्ठा घेऊनच शर्यतीला येते. त्यातलाच एक कोरा कागद घेऊन ती हिशोब मांडत बसली होती.

"उद्या पहिल्या बाईनंतर सोळा मिनिटं मिळतील," ती म्हणाली. "टाकी, तू सोळाच्या आत ये. आमच्या दोघींची काळजी सोड."

"आणि शिडी माझ्याआधी आली तर?"

"दोन मिनिटांपेक्षा जास्त आधी आली तर आपण नववे. तू बाद झालीस तर आपण कुठेच नाही."

"धीर कसा द्यावा हे तुझ्याकडून शिकावं," मी म्हटलं. चिमणी भिंतीला पाय लावून पडली होती, ती हसली.

तेवढ्यात घरून फोन आला. मुलीनं दोन वाक्यांत शाळा संपवली आणि फोन आजीकडे दिला.

"शेवटून चौदावी," सासूबाई म्हणाल्या. "सुधारणा आहे."

"आज बऱ्याचजणींचे पाय गेले होते, आई."

"तेच म्हटलं. मला एक सांग, तू सगळ्यांना पाणी देतेस. तुला कोण देतं?"

"मी गाडीकडून घेते."

"गाडी म्हणजे काय माणूस आहे?" त्या म्हणाल्या, आणि मुलीला जेवायला हाक मारायला निघून गेल्या.

पाचव्या दिवशी सकाळी हॉटेलच्या मागच्या अंगणात मिस्त्री बाटल्या भरत होते. मिस्त्री आमच्या सायकली दुरुस्त करतात आणि शर्यतीत गाडीच्या खिडकीशी बसून पाणी देतात. प्रत्येकीची बाटली वेगळी असते, कारण चिमणीला मीठ कमी लागतं, मास्तरणीला साखर जास्त, वकीलणीला लिंबू. म्हणून ते बाटलीवर पांढरी पट्टी चिकटवून मार्करनं नाव लिहितात. माझ्या बाटलीत साधं मीठसाखरेचं पाणी असतं, कारण ती कोणालाही चालली पाहिजे. कोणाला कमी पडलं तर मी माझी देते आणि मागे जाऊन गाडीतून दुसरी घेते. अशी नऊ वर्षांची सवय आहे.

ऊन सकाळपासूनच तापलं होतं. पहिले चाळीस किलोमीटर सपाट होते आणि मी घोळक्यात आरामात होते. पहिला चढ यायच्या जरा आधी मॅडम कानातल्या यंत्रावर म्हणाल्या, "टाकी, पाणी." मॅडम आमच्या कोच. गाडीही त्याच चालवतात. एके काळी त्या स्वतः शर्यती जिंकायच्या, त्यामुळे कमी बोलतात. मी हात वर केला, मागे सरकले, खिडकीशी गेले. मिस्त्रींनी एक दिली, दुसरी दिली, मी पाठीत कोंबत गेले, शेवटच्या दोन सायकलच्या दांड्यांवरच्या बाटलीच्या जाळ्यांत अडकवल्या. पाठीला गार लागलं आणि बरं वाटलं.

मग चढ लागला आणि घोळका एकदम पळायला लागला. मी जोर केला. रोज करते तेवढाच केला, पण आज अंतर कमी होईना. पन्नास मीटरचं शंभर झालं, शंभरचं दोनशे.

"टाकी, कुठे आहेस?"

"दोनशे मीटर मागे."

"का?"

मलाही कळेना. मग मी हात मागे नेऊन बाटल्या चाचपल्या. पाठीत चार, जाळीत दोन.

"मॅडम, माझ्याकडे सहा आहेत."

यंत्र चालूच होतं. मॅडम माझ्याशी न बोलता बाजूला म्हणाल्या, "मिस्त्री, किती दिल्या?"

"सहा," मिस्त्रींचा आवाज आला. "नेहमीच्याच."

चूक दोघांची होती. हसरी, वकीलीण आणि पावशेर घरी गेल्या आहेत हे आम्हा दोघांना चांगलं ठाऊक होतं, पण ते हातांना कोणी सांगितलं नव्हतं. मधले दोन दिवस आठवणीनं मोजल्या होत्या; आज त्यांनी सवयीनं सहा भरल्या, मी सवयीनं सहा घेतल्या. तीन किलोहून जास्त वजन पाठीवर घेऊन चढाला लागायचं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं.

"त्या दोघींना मी गाडी पुढे नेऊन पाणी देते," मॅडम म्हणाल्या. "तू मागची बस पकड. आणि ते वजन टाक."

गाडी माझ्या शेजारून पुढे गेली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाणी मात्र मी टाकलं नाही. मॅडमचा शब्द मी मोडत नाही, पण भरलेली बाटली रस्त्याकडेला फेकायला माझा हातच धजावला नाही. या हातांनी नऊ वर्षं दुसरं काही केलेलंच नाही.

बस म्हणजे मागे पडलेल्यांचा जथा. एकटीनं वाऱ्याशी झुंजण्यापेक्षा सगळ्या संघांच्या मागे पडलेल्या बायका एकत्र येतात, आळीपाळीनं पुढे राहतात आणि कशाबशा वेळेत पोचतात. तिथे कोणी कोणाची शत्रू नसते, निदान शेवटच्या चढापर्यंत तरी नाही. चढाच्या माथ्यावर त्या दिवशीची बस मागून आली. सहाजणी होत्या. सर्वांत पुढे शिडी.

पुढे तीस किलोमीटर सपाट होतं. मी त्यांच्यात मिसळले आणि पाळीपाळीनं पुढे जायला लागलो. पण काहीतरी अडत होतं. एकीची पाळी आली की ती पुढे जायची आणि दहा पेडलांत ढेपाळायची.

"काय गं, पाय गेले का?" मी जरा तुसडेपणानंच विचारलं.

"घसा," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सगळ्यांच्या गाड्या पुढे गेलेल्या होत्या आणि सहाही जणींच्या जाळ्या रिकाम्या होत्या. मी पाठीत हात घातला आणि हाताला आली ती तिला दिली. ती हसरीची होती. वकीलणीची लिंबाची बाटली दुसरीला गेली. पावशेरची तिसरीला, चिमणीची चौथीला, मास्तरणीची पाचवीला. पाचवीनं एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "हा पाक आहे का?"

सहावी उरली शिडी. ती काही मागत नव्हती. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी खाली वाकले, जाळीतून बाटली काढली आणि तिच्याकडे धरली. ती घेऊन तिनं मान हलवली, रोजच्यासारखीच.

बस नीट चालायला लागली. सगळ्यांना पोचलं म्हणताना मी नेहमीसारखी स्वतःसाठी मागे वळून गाडी बघितली. मागे आमची गाडी नव्हती. झाडूगाडी होती. दमून हरलेल्यांना गोळा करत शर्यतीच्या शेवटी येणारी ती व्हॅन, आणि तिच्या टपावर गमतीनं बांधलेला खराखुरा झाडू. सहा घेतल्या होत्या, सहा वाटल्या होत्या. दिवसातली ही माझी दुसरी चूक, आणि या वेळी मिस्त्रींना बोल लावायचीही सोय नव्हती.

मी कोणाला काही बोलले नाही. दिलेलं परत कसं मागणार? तासभर मी जीभ टाळूला चिकटवून सायकल मारली.

शेवटचा चढ लागला आणि बस विस्कटली, तशी ती विस्कटतेच. दोघी पुढे गेल्या, तिघी मागे राहिल्या. मध्ये शिडी आणि मी. माथ्यावरच शर्यत संपत होती.

"पहिली पोचली," मॅडम कानात म्हणाल्या. "चिमणी सातवी. मास्तरीणही येते आहे. आता तुझी सोळा मिनिटं. किती राहिलंय?"

"सव्वाचार किलोमीटर."

"मग ये."

येण्यासारखं माझ्यात फार उरलं नव्हतं. घाम यायचा थांबला होता आणि हातांवर काटा आला होता. भर उन्हात थंडी वाजली की समजायचं, आता शरीर हिशोब बंद करतंय. रस्ता मधूनच पांढरा दिसायचा. मला यंत्राची खोली दिसत होती, दुपारी तीन वाजताची, साडेतीनची, साडेचारची. त्या वेळी ती खोली कशी दिसते हे मी नऊ वर्षांत पाहिलंच नव्हतं, आणि मला ती बघायची नव्हती. मला रडू येत होतं, पण त्यालाही पाणी लागतं.

शिडीनं कानाला बोट लावलं. तिलाही कोणीतरी काही सांगत होतं. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं काय सांगितलं असणार, कारण तिच्या जागी मी असते तर मॅडमही तेच म्हणाल्या असत्या. सोड तिला. ती दोन मिनिटं मागे पडली तरी आपण आठवे.

शिडी पेडलवर उभी राहिली आणि निघाली. दहा मीटर, वीस मीटर. गेली, मी मनात म्हटलं. मला तिचा राग आला नाही. संघ तिचाही होता. तिलाही कुठलेतरी साडेतीन तास असतील.

मग ती प्यायला बाटली काढताना दिसली. झाकण तोंडाशी नेलं आणि थांबली. बाटली फिरवून पट्टीवरचं नाव वाचलं. पाय मंदावले. मी सरकत सरकत तिच्या बरोबरीला आले.

"टाकी म्हणजे तूच ना?" तिनं विचारलं. "तुमच्या गाडीतून तशी हाक मारतात."

"हो."

"तुझ्याकडे दुसरी आहे?"

तिनं वाकून माझ्या दोन्ही जाळ्या पाहिल्या.

"वेडी आहेस का तू?" ती म्हणाली आणि बाटली माझ्यापुढे धरली. अर्धी होती.

"ठेव तुला. तुझे लोक काय म्हणतील?"

"म्हणतील. मी माझ्यापुरतं प्यायलेय. घे आणि पाय चालव, मला एकटीला वाऱ्यात जायचं नाही."

पाणी गरम झालं होतं आणि मीठ जास्त झालं होतं. मिस्त्री इतकी वर्षं मला हे पाजतात आणि मी कधी नीट चव घेतली नव्हती. मी ते थेंब न सांडता संपवलं. लगेच काही अंगात हत्तीचं बळ आलं नाही, पण रस्ता पुन्हा काळा दिसायला लागला. शिडी पुढे राहिली, मग मी, मग परत शिडी. वर वारा खरंच होता, पण तेवढ्यासाठी तिला माझी गरज नव्हती. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आम्ही रेषा ओलांडली तेव्हा सोळा मिनिटं पुरी व्हायला एकतीस सेकंद बाकी होते. दोघींना एकच वेळ मिळाली. मागच्या तिघीही पाठोपाठ, शेवटच्या काही सेकंदांत आत आल्या.

मी कुंपणाला धरून उभी होते तेव्हा टोपी घातलेला एक माणूस तरातरा आला. रंग कारखान्याचा कोच. तो माझ्याकडे न बघता शिडीसमोर उभा राहिला.

"कानात काय सांगितलं होतं तुला?"

"ऐकलं मी," ती हेल्मेटचा पट्टा सोडत म्हणाली.

"मग?"

"पाणी तिचं होतं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग टोपी काढून डोकं पुसलं आणि गाडीकडे चालू लागला. शिडी त्याच्यामागे सायकल ढकलत गेली.

फलकावर आठवा गादी कारखाना आणि नववा रंग कारखाना. मास्तरणीनं बेरीज दोनदा तपासली. चिमणी माझ्या गळ्यात पडली आणि तिच्या मिठीत माझ्या बरगड्या दुखल्या. मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्त वेळ राहिला. मिस्त्री गाडीच्या मागे काहीतरी आवरत होते. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी मोजून देईन."

"नका मोजू," मी म्हटलं.

मग गाडीच्या पायरीवर बसून घरी फोन लावला. सासूबाईंनी निकाल वाचला होता.

"शेवटून चौथी," त्या म्हणाल्या. "आणि ते आठवं का काय होतं तुमचं?"

"झालं, आई. आठवे आलो. दोनला सुट्टी राहिली."

"बरं झालं. आवाज का असा तुझा?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सहा बाटल्यांचं, बसचं, अर्ध्या बाटलीचं.

"म्हणजे तिनं तुला पाणी दिलं आणि स्वतःचा संघ नववा केला," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"नाव काय तिचं?"

मी रंगवाल्यांच्या गाडीकडे पाहिलं.

"पाणी प्यायलीस आणि नाव विचारलं नाहीस?" सासूबाईंचा आवाज चढला. "ऊठ आधी. जा. फोन ठेव."

मी फोन ठेवला. पेटीतून एक धुतलेली बाटली काढून भरली, मिस्त्रींच्या खिशातला मार्कर घेतला आणि बाटलीवर कोरी पट्टी चिकटवली. रंगवाल्यांची गाडी रांगेत सर्वांत शेवटी उभी होती आणि तिचं इंजिन चालू झालं होतं. पायांत गोळे आले होते, तरी मी त्या गाडीकडे पळत सुटले.